बिननावाच्या अकरा डिशेस

पाणीकाकांवर मी पहिल्यांदा ओरडले तेव्हा मला त्या प्रयोगशाळेत येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. डिशेसच्या खोलीचं दार उघडं टाकून मी आत शिरले आणि ते पाठमोरेच म्हणाले, "दार." बस, एवढंच. मला वाटलं, कोण हा माणूस मला हुकूम सोडणारा! मी चांगली दोन मिनिटं तोंड सोडलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि म्हणाले, "ताई, यांना वारा सोसत नाही. आता बोला काय ते."

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. आई म्हणते, ही जन्मली तीच भांडत. प्रयोगशाळेत माझं नाव 'तोफ' पडलं होतं आणि ते मला कळलंय हे सगळ्यांना माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात या रागाचा वाटा मोठा आहे.

काका कागदोपत्री मदतनीस होते, रोज डिशेसचं पाणी बदलायचे म्हणून पाणीकाका. प्रत्यक्षात काम एकच, जनावरं सांभाळायची. जनावरं म्हणजे काय, तर काचेच्या डिशच्या तळाला चिकटून सरकणारे पांढुरके, चपटे ठिपके, फार तर दोन-तीन मिलिमीटरचे. डोकं नाही, तोंड नाही, पोट नाही, मज्जातंतू नाहीत. शास्त्रातलं नाव प्लॅकोझोआ. काका त्यांना पापुद्रे म्हणायचे, मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो. एकदा तर आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, पाहुण्यांसमोर भाषणात 'आमचे पापुद्रे' म्हणून गेले आणि वर 'तो शास्त्रीय शब्द आहे' असंही म्हणाले. पापुद्रा मोठा झाला की मधोमध फाटतो आणि एकाचे दोन होतात. तेवढाच त्यांचा संसार.

सकाळी आठला काका यायचे. समुद्राचं पाणी गाळून बाटल्यांत भरायचे आणि बाटल्या खोलीत ठेवून तासभर थांबायचे, कारण गार पाणी घातलं की पापुद्रे आकसतात. मग एकेक डिश घेऊन अर्धं पाणी काढायचं, अर्धं नवं घालायचं आणि वर लालसर शेवाळाचे चार थेंब. अशा छत्तीस डिशेस. डोळ्याला भिंग लावून वाकलेले असले की त्यांना हाक मारायची सोय नव्हती. "थांबा, जेवतायत," म्हणायचे. मी म्हणायचे, "काका, त्यांना तोंड नाही, जेवतायत कशाने?" तर म्हणायचे, "तोंड नाही म्हणूनच शांतपणे जेवतात. तुम्ही बघा करून." असा माणूस.

छत्तीसपैकी अठरा डिशेसवर निळी पट्टी आणि अठरांवर लाल. निळे पापुद्रे कुठल्याही उबदार समुद्रात मिळणारे, साधे. लाल मात्र एकाच ठिकाणचे. सोळा वर्षांपूर्वी सरांनी भरतीच्या रेषेतल्या एका खडकावरून ते आणले होते. ते दुसरीकडे कुठे सापडल्याची नोंद नव्हती. आणि गेल्या वर्षी धक्का रुंद करताना तो खडकही भरावाखाली गेला. म्हणजे जगातले माहीत असलेले सगळे लाल पापुद्रे त्या अठरा डिशेसमध्ये, काकांच्या ताब्यात. निळ्या-लालमध्ये आतून एवढं अंतर की त्यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले असावेत. पण दिसायला? भिंगातून बघा, चांगल्या सूक्ष्मदर्शकातून बघा, तंतोतंत सारखे.

माझं काम या दोघांच्या काइनेजवर. काइनेज म्हणजे पेशीतली अशी प्रथिनं, की जी दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक तुकडा चिकटवतात. चिकटवला की ते दुसरं प्रथिन कामाला लागतं, नाहीतर थांबतं. आपल्या शरीरात ही पाचशेच्या वर आहेत आणि त्यांची घराणी पाडलेली आहेत. गंमत अशी की त्यातली कितीतरी घराणी स्पंजात आणि पापुद्र्यातही आहेत. म्हणजे डोकं, हात, पाय यायच्या खूप आधी ही मंडळी येऊन बसलेली. हे मी काकांना समजावलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग त्या काइनेजला कोण सांगतं, चिकटव म्हणून?" म्हटलं, दुसरं काइनेज. "आणि त्याला?" तिसरं. "म्हणजे आमच्या ऑफिससारखंच," ते म्हणाले आणि पुढची डिश घेतली.

लाल पापुद्र्यांचा जनुकसंच सरांच्या आधीच्या एका विद्यार्थ्याने नऊ वर्षांपूर्वी वाचून ठेवला होता. त्या फाइलमध्ये मला एक गोष्ट सापडली. काइनेजचं एक जुनं घराणं, ज्यात निळ्यांकडे एकच सभासद आहे, त्यात लालकडे बारा होते. इतक्या साध्या प्राण्यात एका घराण्याची अशी बारा भावंडं कशी झाली, कधी झाली, ती करतात काय? चार वर्षं मी हाच प्रश्न उशाशी घेऊन झोपले. काकांनाही ते बारा पाठ झाले होते. सकाळी विचारायचे, "काय म्हणतायत तुमची बारा पोरं?"

प्रबंध पुरा होत आला. तपासणाऱ्यांनी एकच मागणी केली. फाइल जुनी आहे, जिवंत प्राण्यांचा ताजा नमुना घेऊन हे बारा दाखवा. रास्त मागणी. मी लालच्या डिशमधून नमुना घेतला, वाचायला बाहेर पाठवला, आठवड्याने उत्तर आलं. बारा नव्हते. एकच होता.

मी परत पाठवला. परत एक. तिसऱ्यांदा तीन वेगळ्या डिशेसमधून घेतला. तिन्हींत एकेक, आणि नुसतं तेवढंच नाही, अक्षर न् अक्षर निळ्यांचं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. चार वर्षं! आई-बाबांना 'झालंच, झालंच' सांगत काढलेली चार वर्षं. आणि मला घाबरता येत नाही, मला फक्त चिडता येतं. मी नमुने वाचणाऱ्यांना फोनवर झापलं, फ्रीज वापरणाऱ्यांना झापलं, नळ्यांवर कुणी काय लिहिलं म्हणून सगळ्यांची उलटतपासणी घेतली. मग डोक्यात आलं, लालच्या डिशेसमध्ये निळे शिरले असणार. कुठून? मी डिशेसच्या खोलीत जाऊन फळ्या धुंडाळल्या.

सगळ्यात खालच्या फळीवर, बाटल्यांच्या मागे अकरा डिशेस होत्या. पट्टी नाही, तारीख नाही, काही नाही. आत पापुद्रे, स्वच्छ पाण्यात, व्यवस्थित खातेपिते.

आमच्या खोलीचा नियम एकच होता आणि तो काकांनीच मला शिकवला होता. बिननावाची डिश खोलीत राहता कामा नये. कारण दिसायला सगळे सारखे. नाव गेलं की ओळख गेली, आणि ओळख नसलेला एक थेंब उडाला तरी शेजारची डिश बाटते.

काका ट्रे घेऊन दारात आले. मी म्हटलं, "हे काय आहे?"

"ते असेच आहेत, ताई."

"असेच म्हणजे? कुठले? कुणाचे?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "मला तुम्ही नियम शिकवलात ना? आणि इथे अकरा डिशेस बिननावाच्या? माझी चार वर्षं पाण्यात गेली काका, कळतंय का तुम्हाला?" कोपऱ्यातली सगळ्यात भरलेली डिश होती, तिच्यातून मी एक नमुना नळीत घेतला, यांनीच घाण केली हे सिद्ध करायला. मग ब्लीचची बाटली उघडली.

काका म्हणाले, "जरा थांबता का?"

"कशासाठी?"

हातातला ट्रे थोडा वाकडा झाला, तो त्यांनी सावरला. मी पाचपर्यंत मोजायलासुद्धा थांबले नाही. अकराच्या अकरा डिशेसमध्ये ब्लीच ओतलं, पाच मिनिटांनी सगळं बेसिनमध्ये, डिशेस कचऱ्यात. काका दारातच उभे होते. शेवटी ट्रे खाली ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी पाहिल्यापासून ते एक दिवसही घरी राहिलेले नव्हते. छत्तीस डिशेसचं पाणी मी बदललं आणि माझी कंबर मोडली. संध्याकाळी पत्ता काढून त्यांच्या घरी गेले. खोटं कशाला बोलू, जाब विचारायलाच गेले होते.

दोन खोल्यांचं घर, दुसऱ्या मजल्यावर. दार काकूंनी उघडलं. त्यांची उजवी बाजू गेलेली. डाव्या हाताने चार पायांचा आधार सरकवत चालायच्या. बोलणं थोडं जड, पण जीभ जागेवर. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तूच ती तोफ का? ये, बस. माझ्या सवतींना तूच मारलंस ना?"

काका खिडकीशी खुर्चीवर बसले होते. मला पाहून उठले आणि पाणी आणायला आत जायला लागले. काकू म्हणाल्या, "ते पाणी राहू द्या. सांगा तिला. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगते, आणि मला अर्धा तास लागेल बोलायला."

मग काकांनी सांगितलं, जमिनीकडे बघत. सात वर्षांपूर्वी काकूंना झटका आला. तीन दिवस काका हॉस्पिटलच्या बाकावर. डिशेस बघायला दुसरं कुणी माहितगार नव्हतं. ज्याला फोन करून सांगितलं त्याने नव्या पाण्याऐवजी तेच जुनं पाणी वर घातलं. चौथ्या दिवशी काका परत आले तर निळे निम्मे गेलेले आणि लाल सगळे. अठराच्या अठरा डिशेसमध्ये तळाला नुसता पांढरा गाळ.

"मी दोन तास बघत होतो भिंगातून," काका म्हणाले. "एक तरी हलेल म्हणून. सरांना सांगायला निघालो होतो. जिन्यापर्यंत गेलोसुद्धा. पण तिथेच सरांनी मला पाहिलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, घरचं बघा, इथलं तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही. मग माझ्याच्याने बोलवेना. परत वर आलो आणि निळ्यांतले थोडे थोडे काढून लालच्या डिशमध्ये सोडले. म्हटलं, महिनाभरात खरे लाल आणतो आणि मग सांगतो."

"आणतो म्हणजे? कुठून?"

"खडकावरून."

काकू म्हणाल्या, "दर रविवारी. सहा वर्षं, तो खडक बुजेपर्यंत. माझं आवरून झालं की हे निघाले. भर उन्हात पाण्यात उभे. लोकांना वाटायचं, याचं काहीतरी हरवलंय."

पापुद्रे पकडायची रीत अशी, की साध्या काचपट्ट्या जाळीच्या डब्यात घालून पाण्यात टांगून ठेवायच्या. दोन-तीन आठवड्यांत काचेवर शेवाळ धरतं, आणि नशीब असेल तर त्यावर पापुद्रे चढतात. काका काचपट्ट्या आणायचे आणि सोमवारी सकाळी भिंग लावून बसायचे. सहा वर्षांत अकरा वेळा सापडले. प्रत्येक वेळचे वेगळ्या डिशमध्ये ठेवले. पण सापडलेले निळे की लाल, हे कसं कळणार? ते कळतं फक्त वाचून घेतल्यावर. आणि वाचून घ्यायचं तर कुणाला तरी सांगायला हवं, का ते.

"मग पट्टी तरी लावायची!" मी म्हटलं. आवाज चढलेलाच होता.

"काय लिहिणार, ताई? एकदा खोटी पट्टी लावून बसलो होतो. परत माहीत नसताना लाल लिहिणं माझ्याच्याने झालं नाही. तुम्ही आलात, ते बारा सांगायला लागलात, तेव्हा रोज ठरवायचो, आज सांगू. मग तुम्ही कुणावर तरी ओरडत असायचात."

काकूंनी डाव्या हाताने माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. मी एक उचललं आणि हातात धरून बसले.

थोड्या वेळाने काकांनी विचारलं, "तो नमुना कुठल्या डिशमधून घेतलात?"

"कोपऱ्यातल्या. सगळ्यात भरलेल्या."

"हं," ते म्हणाले. "दुपारी फक्त तेच काचेच्या भिंतीवर चढायचे. पाण्याच्या कडेपर्यंत. निळे तसं करत नाहीत. पूर्वीचे लाल करायचे. पण मी काय, नुसतं बघणारा माणूस. माझ्या बघण्याला काय पुरावा?"

तो नमुना तोवर वाचायला गेलेला होता. उत्तर यायला पाच दिवस होते. ते निळे निघाले असते तर मी फक्त अकरा डिश साधे पापुद्रे ओतून दिले होते आणि लाल सात वर्षांपूर्वीच संपले होते. ते लाल निघाले असते तर जगातले शेवटचे लाल मी माझ्या हाताने बेसिनमध्ये ओतले होते, काका दारात उभे असताना, ते थांबा म्हणत असताना. ज्या बारांसाठी मी चार वर्षं झुरले, ते निघू नयेत म्हणून मी पाच दिवस देवाला विनवण्या केल्या. एक निघू दे रे बाबा. माझा प्रबंध बुडू दे, पण एकच निघू दे. आईने फोनवर विचारलं, आज कुणाशी भांडली नाहीस का, आवाज असा का? मी फोन ठेवून दिला.

सरांना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. सरांनी टेबलावरचे कागद बाजूला सारले. मग काकांना म्हणाले, "मला त्याच दिवशी सांगितलं असतंत तर तेव्हा तो खडक होता हो. आपण दोघं गेलो असतो." काका म्हणाले, "हो सर." एवढंच. सर रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते रागावले नाहीत आणि माझ्यावरही नाहीत. काकांनी परत कामावर यायला सुरुवात केली.

पाचव्या दिवशी दुपारी उत्तर आलं. मी फाइल उघडली, त्या घराण्याची अक्षरं शोधायला लावली आणि मोजलं. बारा. परत मोजलं. एकदम चोख, मी चार वर्षं कागदावर काढत होते तसे बाराच्या बारा. तपासणाऱ्यांना हवा होता तो पुरावा माझ्यासमोर होता आणि मी टेबलाची कड धरून बसले होते. त्या बारांचा पत्ता मला लागला होता, आणि ते करतात काय हे विचारायला आता एकही जिवंत पापुद्रा उरला नव्हता. तो खडक नव्हता, त्या डिशेस नव्हत्या. राग काढायला माणूस शोधला तर मीच सापडत होते.

काकांना सांगायचं नाही, असं जिन्यात मी ठरवलं होतं. निळे होते म्हणायचं. पण दार उघडून आत गेले, दार लावून घेतलं आणि ते भिंग काढून माझ्याकडे वळले, तेव्हा मला खोटं सुचलंच नाही.

"लाल होते, काका."

त्यांच्या चेहऱ्यावर काय यायला हवं होतं ते मी मनात धरून आले होते. ते आलंच नाही. ते हसले. एवढे मोकळे हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "लाल?" म्हणाले. "नक्की?"

"नक्की."

"म्हणजे मला सापडले होते!" ते उठून उभे राहिले. "बघा, मी म्हटलं नव्हतं? भिंतीवर चढायचे! सापडले होते मला! आणि तुमचं काम? ते बारा?"

"आहेत. बाराच्या बारा."

"झालं मग तुमचं," ते म्हणाले. खिशातून फोन काढला आणि डिशेसकडे पाठ करून काकूंना लावला. मी तिथेच उभी होते.

"अगं, ऐक. ते लालच होते. हो, ताईंनी वाचून घेतले. हो ना! मी आणलेलेच." पलीकडून काकू सावकाश काहीतरी विचारत होत्या. त्यांना एक वाक्य पुरं करायला वेळ लागतो. काका ऐकत राहिले. त्यांचा दुसरा हात स्टुलाकडे गेला आणि ते खाली बसले.

"नाही," ते फोनमध्ये म्हणाले. "आता नाहीत. एकही नाही."

परत पलीकडून काहीतरी.

"नाही गं," काका म्हणाले. "चूक कुणाची नाही."

मी पुढे होऊन त्यांच्या हातातला फोन घ्यायला हवा होता आणि काकूंना सांगायला हवं होतं, माझी आहे. मी जागची हलले नाही. काका फोन कानाला धरून बसले होते आणि पलीकडून काकूंचं रडणं मला ऐकू येत होतं.